एचबीसीयूमध्ये आयपी शिकवायला निघालात? आधी हे वाचून घ्या

गेल्या दोन वर्षांत मला चार मराठी लोकांचे फोन आले आणि चौघांचा प्रश्न एकच, की इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, ब्लॅक कॉलेजमध्ये (एचबीसीयू, हिस्टॉरिकली ब्लॅक कॉलेज अँड युनिव्हर्सिटी) आयपीचा, म्हणजे बौद्धिक संपदेचा, एक कोर्स घेशील का असं विचारलंय, हो म्हणू का, आणि म्हटलं तर सुरुवात कुठून करू. प्रत्येकाशी तासतासभर तेच बोलून झालं म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

मी मूळची केमिकल इंजिनिअर, महाराष्ट्रातून इकडे आले, पुढे पेटंट एजंट (लोकांसाठी पेटंटचे अर्ज करणारी) झाले, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका एचबीसीयूमध्ये इंजिनिअरिंग आणि बिझनेसच्या अंडरग्रॅड मुलांना सहा सेमिस्टर हा विषय शिकवला. पहिलं सेमिस्टर मी चुकीच्या टोकाकडून सुरू केलं. पेटंटची व्याख्या, कॉपीराइटची व्याख्या, कुठल्या कायद्याचं कुठलं कलम, असं सगळं. मुलं लिहून घेत होती, ‘यस मॅम’ म्हणत होती. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, ‘मॅम, माझी आजी वीस वर्षं घरी केसांचं तेल करून विकतेय, आता त्याच रेसिपीचं तेल दुसऱ्याच कुणाच्या दुकानात मिळतं, तर तुमच्या यातलं कुठलं कलम तिच्या कामाचं?’ वर्ग एकदम जागा झाला. वस्तू केली कुणी आणि कागदावर मालक कोण, हा प्रश्न त्या मुलांच्या घराघरात आहे. तेव्हापासून माझा अख्खा कोर्स त्याच प्रश्नाभोवती फिरतो. आजीच्या तेलाचं उत्तर खाली सातव्या पायरीत आहे.

१. आधी कॉलेज कुठलं ते समजून घ्या

एचबीसीयू म्हणजे नुसतं ‘जिथे ब्लॅक मुलं जास्त असतात ते कॉलेज’ नव्हे. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यात याची व्याख्या आहे: १९६४ च्या आधी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांचं शिक्षण हाच मुख्य हेतू असलेली संस्था. अशा साधारण शंभर आहेत. सगळ्यात जुनी पेनसिल्वेनियातली चेनी, १८३७ ची. हॉवर्ड १८६७ ची, टस्कीगी १८८१ ची. १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याखालच्या लँड-ग्रँट (शेती आणि यंत्रविद्या शिकवायला सरकारी मदत मिळालेल्या) संस्था आहेत, त्यांच्याकडे शेती आणि इंजिनिअरिंग जोरात असतं, तर काही अगदी छोटी चर्चची कॉलेजं आहेत जिथे अख्ख्या सायन्सला मिळून मोजके प्राध्यापक. तुमचं कॉलेज यातलं कुठलं, त्यावर तुमचा सिलॅबस ठरणार.

एक साधी गोष्ट, पण पहिल्या दिवशीच लागेल. बाकीच्या अमेरिकेत काही ठिकाणी प्रोफेसरला पहिल्या नावाने हाक मारतात, इथे बहुतेक ठिकाणी तसं चालत नाही. डॉक्टर, प्रोफेसर, मॅम, सर. ज्यांच्या आजी-आजोबांना म्हातारपणीसुद्धा गोरी पोरं नुसत्या नावाने हाक मारायची त्यांच्यासाठी ‘मिस्टर’ आणि ‘मिस’ला वजन आहे. मीही मुलांना ‘मिस जॉन्सन’, ‘मिस्टर कार्टर’ असंच म्हणायचे. मुलांना ते आवडतं आणि वर्ग सांभाळायला सोपं जातं.

२. तुम्ही कुणाला शिकवणार, आणि शिकवायची परवानगी आहे का

एचबीसीयूंमध्ये लॉ स्कूल सहाच: हॉवर्ड, नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल, सदर्न, टेक्सास सदर्न, फ्लोरिडा ए अँड एम आणि युनिव्हर्सिटी ऑफ द डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया. तिथे कायद्याची डिग्री लागते आणि काम बरंच पुढे गेलेलं आहे. हॉवर्डमध्ये प्रोफेसर लतीफ मटिमा यांनी आयपी आणि सामाजिक न्याय या विषयावर संस्थाच उभी केलीय. आपल्यापैकी बहुतेकांना बोलावणं येतं ते मात्र अंडरग्रॅड डिपार्टमेंटकडून, इंजिनिअरिंग, बिझनेस, म्युझिक किंवा फॅशन, आणि हा लेख त्यांच्यासाठीच आहे.

व्हिसावर असाल तर हो म्हणण्याआधी थांबा. एच-१बी दुसऱ्या कंपनीचा असेल तर संध्याकाळचा एक कोर्ससुद्धा पगार घेऊन असाच शिकवता येत नाही, कॉलेजला तुमच्यासाठी वेगळी पिटिशन करावी लागते. डिपार्टमेंट चेअर प्रेमाने म्हणेल ‘वी विल फिगर इट आउट’, पण तुम्ही इंटरनॅशनल ऑफिसकडून लेखी घ्या.

३. हातात ठेवायचे कागद आणि साधनं

सेमिस्टर सुरू व्हायच्या किमान महिनाभर आधी हे गोळा करा:

- युनिव्हर्सिटीची आयपी पॉलिसी, पूर्ण, आणि ती बोर्डाने कधी मंजूर केली ती तारीख
- स्टुडंट हँडबुकमधला मुलांच्या कामाच्या मालकीबद्दलचा भाग (असला तर)
- कॅपस्टोन (शेवटच्या वर्षाच्या) प्रोजेक्टला पैसे देणाऱ्या कंपन्यांशी केलेल्या कराराचा नमुना
- टेक ट्रान्सफर ऑफिसचा (युनिव्हर्सिटीतले शोध कंपन्यांना वापरायला देणारं ऑफिस) माणूस कोण. बऱ्याच ठिकाणी वेगळं ऑफिस नसतं, रिसर्च ऑफिसातला एकच जण हे सगळं बघतो, त्याला जाऊन भेटा
- पेटंट ऑफिसचा मोफत पेटंट सर्च, गुगल पेटंट्स आणि ट्रेडमार्क सर्च (टेस नावाचं जुनं ट्रेडमार्क सर्च २०२३ च्या नोव्हेंबरात बंद झालं, जुन्या नोट्समधल्या लिंका काढून टाका)
- जवळच्या पेटंट अँड ट्रेडमार्क रिसोर्स सेंटरचा पत्ता, लायब्ररीतच असतं, ग्रंथपाल वर्गात येऊन दाखवतातसुद्धा

पहिल्या कागदावर अडून बसा. मला तो मिळायला पाच आठवडे लागले, एका ऑफिसने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने वेबसाइटवर आहे म्हटलं, वेबसाइटवरची लिंक मेलेली. तोवर मी वर्गात ‘तुमचा शोध तुमचाच’ असं सांगून मोकळी झाले होते, आणि पॉलिसी हातात आली तेव्हा त्यात लिहिलेलं, की युनिव्हर्सिटीच्या ‘भरीव साधनांचा’ वापर झाला असेल तर मालकी युनिव्हर्सिटीची. मुलांची माफी मागून पुन्हा सांगावं लागलं. तुम्ही तसं करू नका.

४. पहिला तास: शपथ घ्यायची कुणी?

व्याख्यांऐवजी दोन माणसं सांगा. पहिला थॉमस जेनिंग्ज, न्यूयॉर्कचा शिंपी, स्वतंत्र कृष्णवर्णीय, १८२१ साली कपडे कोरडे साफ करायच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. पेटंट मिळालेला पहिला आफ्रिकन-अमेरिकन म्हणून त्याचं नाव घेतात. मिळालेल्या पैशातून त्याने घरच्यांना गुलामीतून सोडवलं.

दुसरा नेड. आडनाव नाही, कारण मिसिसिपीतल्या एका मळेवाल्याचा तो गुलाम होता. त्याने कापसाच्या शेतीसाठी एक अवजार शोधलं आणि मालकाने स्वतःच्या नावाने पेटंट मागितलं. आता पेटंटला शपथ लागते, की मीच शोधकर्ता. मालक ती घेऊ शकत नाही कारण शोध त्याचा नाही. नेड घेऊ शकत नाही कारण १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालानंतर तो नागरिकच नाही. १८५८ मध्ये अ‍ॅटर्नी जनरलने लेखी मत दिलं, की गुलामाच्या शोधाला पेटंट मिळणार नाही, ना त्याला, ना मालकाला. आणि पुढे १८६१ मध्ये दक्षिणेतल्या फुटीर राज्यांनी स्वतःचा पेटंट कायदा केला त्यात मालकाला ती सोय करून दिली.

एवढं सांगून फळ्यावर दोन शब्द लिहा, ‘शोधकर्ता’ आणि ‘मालक’. पहिल्या तासाला पुरे.

मुलं तुम्हाला विचारतील, तुम्ही कुठल्या. सांगा. मी डॉ. आंबेडकरांनी १९४० च्या दशकात कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेल्या पत्राबद्दल सांगायचे, ड्यू बॉइस स्वतः फिस्कमध्ये शिकलेले आणि अटलांटा युनिव्हर्सिटीत शिकवलेले, दोन्ही एचबीसीयूच, त्यामुळे मुलांना ते घरचं नाव. पण तेवढ्यावर थांबा. ‘आमच्याकडेही जात आहे त्यामुळे मला तुमचं सगळं कळतं’ हे वाक्य चुकूनही बोलू नका, कळायला वेळ लागतो.

५. इंटरनेटवरच्या याद्यांपासून सावध

फेब्रुवारीत ब्लॅक हिस्टरी मंथला फिरणाऱ्या शोधकांच्या याद्या तशाच स्लाइडवर टाकू नका. कार्व्हरने पीनट बटर शोधलं नाही. १८९६ मध्ये टस्कीगीत आल्यावर पुढे त्यांनी शेंगदाण्यावर अफाट काम केलं पण त्यांच्या नावावर पेटंटं तीनच, १९२५ ते १९२७ मधली. गॅरेट मॉर्गनचं १९२३ चं पेटंट ट्रॅफिक सिग्नलचं आहे खरं, पण जगातला पहिला सिग्नल तो नव्हे. चुकीचा दावा केला की एखादा मुलगा तिथल्या तिथे फोनवर शोधून दाखवतो आणि मग खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

त्यापेक्षा हेन्री बेकर सांगा. हॉवर्डमध्ये कायदा शिकलेला हा माणूस पेटंट ऑफिसात नोकरीला होता. पेटंटवर शोधकाचा वंश लिहिलेला नसतो, म्हणून १९०० च्या सुमाराला देशभरातल्या पेटंट वकिलांना पत्रं पाठवून, कृष्णवर्णीय शोधक तुमच्या माहितीत आहेत का असं विचारून यादी तयार केली गेली आणि ते काम त्याने तडीस नेलं. आज आपल्याला जी नावं माहीत आहेत त्यातली कितीतरी त्या यादीमुळे. याच्यावरून मी होमवर्क देते: आपल्याच कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्याचं पेटंट शोधा, नंबरासकट. नंबर नाही तर मार्क नाहीत. मॉर्गन स्टेटच्या मुलांना व्हॅलेरी थॉमस सापडेल (१९८० चं इल्यूजन ट्रान्समीटर), हॉवर्डच्या मेडिकलवाल्यांना पॅट्रिशिया बाथ, मोतीबिंदूच्या लेझर उपकरणाचं १९८८ चं पेटंट.

६. पेटंट वाचायला शिकवा, लिहायला नंतर

सुरुवातीला सारा बून घ्या, पेटंट नंबर ४,७३,६५३, एप्रिल १८९२. गुलामीत जन्मलेली बाई, पुढे न्यू हेवनला शिवणकाम करायची. प्रिंट काढून वाटा, छोटंसं आहे. इस्त्रीचं टेबल तिच्या आधीही होतं, मग हिला पेटंट कशाचं? मुलांना चित्राकडे बघू द्या. फळी अरुंद आहे, कडा बाहीच्या आकाराने वळवलेली आहे, म्हणजे बायकांच्या झग्याची बाही त्यावर नीट बसते आणि उलटवून दुसरी बाजूही करता येते. मी एकदा घरून ब्लाउज नेला आणि पुठ्ठ्याची तशी फळी कापून वर्गातच दाखवलं. ‘सुधारणा’ म्हणजे काय आणि क्लेम, म्हणजे पेटंटच्या हक्काचं कुंपण, म्हणजे काय, हे त्या पुठ्ठ्याने पंधरा मिनिटांत कळलं.

मग प्रायर आर्ट, म्हणजे अर्जाच्या आधीपासूनच माहीत असलेलं ज्ञान. इथे आपली हळद. १९९५ मध्ये अमेरिकन पेटंट ऑफिसने हळदीने जखम भरण्याचं पेटंट दिलं, तेही मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला, म्हणजे माझ्या मुलांच्या शेजारच्याच राज्यात. आपल्या सीएसआयआरने डॉ. माशेलकरांच्या काळात ते आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. घरात आजी जखमेवर हळद दाबते हे पुरेसं नव्हतं, छापील पुरावा लागला, जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख. मी हळदीची बरणी टेबलावर ठेवते आणि विचारते, तुमच्या घरात असं काय आहे जे सगळ्यांना माहीत आहे पण कुठेच लिहिलेलं नाही? या तासाला कुणी उठून जात नाही.

लॉनी जॉन्सन शेवटी. टस्कीगीचा माजी विद्यार्थी, नासात काम केलेला इंजिनिअर, पाण्याच्या पिचकारीचं १९८६ चं पेटंट, तीच पुढे सुपर सोकर झाली. मुलांना खेळणं माहीत असतं, माणूस माहीत नसतो. त्याच्यात शिकवायचं ते रॉयल्टी. २०१३ मध्ये लवादाने हॅसब्रोकडून त्याला सुमारे ७.३ कोटी डॉलर द्यायला लावले, कारण करारात काय लिहिलंय ते त्याने पकडून ठेवलं होतं.

७. आजीचं तेल (आणि टी-शर्ट, आणि बीट्स)

घटकांच्या नुसत्या यादीला कॉपीराइट नाही. पेटंटची वेळ गेली, कारण अमेरिकेत विक्री किंवा जाहीर वापर सुरू झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ट्रेड सीक्रेट होऊ शकलं असतं, पण आजीने गुप्ततेच्या कागदाशिवाय रेसिपी सांगितली असेल तर ते गळालं. उरतं ते नाव. ज्या नावाने आजी वीस वर्षं विकतेय त्या नावावर तिचा हक्क वापरातूनच तयार झालेला असतो, निदान ती विकते त्या भागापुरता, आणि फेडरल रजिस्ट्रेशन करता येतं. त्या मुलीने आजीची जुनी लेबलं आणि पावत्या शोधून काढल्या आणि लॉ स्कूल क्लिनिकच्या (अकरावी पायरी बघा) मदतीने अर्ज केला.

मुलं सर्रास फसतात त्या जागा:

- एलएलसी (छोटी कंपनी) काढली म्हणजे ट्रेडमार्क झाला असं वाटतं. नाही झाला.
- गाणं पाकिटात घालून स्वतःलाच पोस्टाने पाठवायचं, याचा कोर्टात काही उपयोग नाही. अमेरिकन कामासाठी दावा लावायचा तर रजिस्ट्रेशन लागतं, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय.
- होमकमिंगला (माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला) कॉलेजचा लोगो किंवा सोरोरिटी-फ्रॅटर्निटीची (मुलींच्या-मुलांच्या मंडळांची) अक्षरं टी-शर्टवर छापून विकणं. दोन्ही ट्रेडमार्क आहेत, परवाना लागतो.
- चौघांनी मिळून गाणं केलं आणि कुणाचा किती वाटा ते लिहिलं नाही. स्टुडिओतून निघायच्या आधी एका कागदावर टक्के आणि सह्या.
- ट्रेडमार्कचा अर्ज केला की सरकारी दिसणारी पत्रं येतात, पैसे भरा म्हणून. बहुतेक फसवी. खात्री पेटंट ऑफिसच्याच साइटवर करायची.

ट्रेडमार्कची मूळ फी २०२५ च्या जानेवारीपासून मालाच्या किंवा सेवेच्या एका वर्गाला ३५० डॉलर आहे. फिया बदलतात, भरायच्या दिवशी बघा.

८. सही कुठे आणि कशावर, हा माझा सगळ्यात लाडका तास

स्टॅनफर्ड विरुद्ध रोश, सुप्रीम कोर्ट, २०११. संशोधकाने स्टॅनफर्डच्या कागदावर सही केली, त्यात होतं ‘अ‍ॅग्री टू असाइन’, म्हणजे पुढे हक्क देईन. नंतर तो एका कंपनीत तंत्र शिकायला गेला आणि आत शिरण्यासाठी तिथल्या कागदावर सही केली, त्यात ‘डू हिअरबाय असाइन’, म्हणजे आत्ता याक्षणी दिला. नंतरचा कागद जिंकला. सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचे हक्क युनिव्हर्सिटीला ठेवू देणारा बे-डोल कायदा (१९८०) असूनही कोर्टाने म्हटलं, की शोध पहिल्यांदा शोधकर्त्याचाच, तो आपोआप युनिव्हर्सिटीचा होत नाही.

वर्गात मी सहा करारांचे उतारे वाटते, इंटर्नशिप, हॅकेथॉन, कॅपस्टोन, म्युझिक प्रॉडक्शन, खेळाडूंचा नावा-चेहऱ्याचा करार आणि युनिव्हर्सिटीची पॉलिसी, आणि लाल पेनाने ती एक ओळ शोधायला सांगते जिथे हक्क जातो. पहिल्यांदा अर्धा तास लागतो. सेमिस्टर संपेपर्यंत पाच मिनिटांत सापडते. माझ्या मते कोर्सचं यश यावरच मोजावं, परीक्षेतल्या व्याख्यांवर नाही.

९. हेला: घाई करू नका

बायोटेकची मुलं असतील तर हेन्रिएटा लॅक्सचा विषय निघणारच. १९५१ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये तिच्या पेशी न विचारता घेतल्या. फार कमी लोकांना माहीत असतं की पोलिओ लसीच्या चाचणीसाठी या हेला पेशी मोठ्या प्रमाणावर वाढवण्याचं काम १९५३ पासून टस्कीगीत झालं, कृष्णवर्णीय शास्त्रज्ञांनी केलं, आणि त्याच गावचं नाव ज्याच्याशी जोडलंय तो सिफिलिसचा अभ्यास (कृष्णवर्णीय रुग्णांना मुद्दाम उपचार न देता केलेला) तेव्हा चालूच होता. हे पेटंटचं प्रकरण नाही हे स्पष्ट सांगा. कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने १९९० च्या मूर खटल्यात काढून घेतलेल्या पेशींवर रुग्णाची मालमत्ता म्हणून हक्क मानला नाही, आणि लॅक्स कुटुंबाने २०२३ मध्ये थर्मो फिशरशी समझोता केला तो अन्याय्य फायद्याच्या मुद्द्यावरच्या दाव्यात. दोन पूर्ण तास ठेवा, एक फक्त मुलांच्या बोलण्यासाठी.

१०. रिसर्च डेच्या आधी थांबवा

एप्रिलमध्ये पोस्टरचे दिवस येतात. माझ्या एका विद्यार्थ्याने सेन्सरचं पोस्टर लावलं, अगदी सर्किटसकट, फोटो सगळीकडे गेले, आणि तीन आठवड्यांनी मला विचारायला आला. अमेरिकेत वर्षभराची सवलत आहे म्हणून इथलं वाचलं, पण युरोपसारख्या ठिकाणी ती नाही, तिकडचं दार बंद झालं. त्याचं तोंड अजून डोळ्यासमोर आहे. आता मी मार्चच्या पहिल्या आठवड्यातच हा तास घेते.

प्रोव्हिजनल अर्ज शिकवा. तो तपासला जात नाही, बारा महिने तारीख धरून ठेवतो, मायक्रो एंटिटीला फी ६५ डॉलर. मायक्रोला उत्पन्नाची आणि आधीच्या अर्जांच्या संख्येची मर्यादा आहे, आणि हक्क मोठ्या कंपनीला दिले असतील तर ती सवलत जाते. आणि हो, वर्गात कुणालाही स्वतःचा खरा शोध उघड करायला लावू नका, सरावाला बनवलेली उदाहरणं द्या. ऑफिसात येऊन सांगायला लागले तर आधी थांबवा आणि सांगा, की मी तुमची शिक्षक आहे, वकील नाही.

११. मग पाठवायचं कुठे

लॉ स्कूल क्लिनिक. पेटंट ऑफिसच्या क्लिनिक प्रोग्रॅममध्ये कायद्याचे विद्यार्थी देखरेखीखाली मोफत अर्ज करून देतात, हॉवर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल दोन्ही त्यात आहेत. शिवाय प्रत्येक राज्याला लागू असा पेटंट प्रो बोनो प्रोग्रॅम आहे. रांग असते, सेमिस्टरच्या सुरुवातीलाच नाव टाका.

मुलांना करिअरही दाखवा. पेटंट एजंट व्हायला कायद्याची डिग्री लागत नाही, सायन्स किंवा इंजिनिअरिंगची डिग्री आणि पेटंट ऑफिसची परीक्षा पुरते. २०२४ पासून डिझाइन पेटंटसाठी वेगळी नोंदणी सुरू झालीय, म्हणजे इंडस्ट्रियल डिझाइन, आर्किटेक्चर, ग्राफिक्सवाल्यांनाही दार उघडं. हे मी बोलले तेव्हा मागच्या बाकावरची दोन मुलं तास संपल्यावर थांबली, त्यातला एक आज एजंट आहे. (व्हिसावर असलेल्या आपल्या लोकांना मर्यादित मान्यता मिळते, ती नोकरीशी बांधलेली असते.)

१२. जाण्याआधी

अ‍ॅडजंक्ट (एकेका कोर्सपुरता नेमलेला) माणूस कधी बदलेल सांगता येत नाही, आणि या कॉलेजांत एकेक प्राध्यापक चार-चार कोर्स ओढत असतो, त्यामुळे तुमच्यामागून येणाऱ्याला शून्यातून सुरू करायला वेळ नसतो. सिलॅबस, सहा करारांचे उतारे, पॉलिसीची प्रत, क्लिनिकचे संपर्क, मुलांनी शोधलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या पेटंटची यादी, सगळं डिपार्टमेंटच्या ड्राइव्हवर ठेवा, स्वतःच्या ईमेलमध्ये नको. यादीत दर सेमिस्टरला नावं वाढू द्या. माझ्या कॉलेजची मी निघाले तेव्हा एकतीस पेटंटांवर आली होती, प्रत्येकाचा नंबर तपासलेला.